त्यांनी माती मागितली होती

अकोट,
२ फेब्रुवारी २०२५

संध्याबाई,

सुभद्राचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आमची लेक आरती अकोल्याला बँकेत लागली, त्याला वर्ष झालं. माझी अंगणवाडी चालू आहे. यंदा एकोणीस लेकरं आहेत, त्यातली चार नुसती रडायलाच येतात. तुझं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला. कारणं सांगत बसत नाही.

तू एवढंच विचारलंस की त्यांच्या अस्थी कुठे शिरवल्या. कौंडण्यपूरला, वर्धेच्या पाण्यात, असं उत्तमरावांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. माझ्या दिरांना जे सांगितलं जातं तेच ते पुढे सांगतात, त्यांचा दोष नाही.

आधी दवाखान्याचं लिहिते. ते मला सोडून चांदूर बाजारला तुझ्याकडे राहायला गेले, त्याला चौदा वर्षं झाली. फारकत त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. म्हणून ते वारल्यावर अमरावतीच्या दवाखान्यातला बाबू तुला म्हणाला, "लग्नाची बायको जिती आहे ना? मग बॉडी तिच्याच सहीनं भेटन." अन् तूच मला फोन करून बोलावलंस. नसतं बोलावलं तर उत्तमरावांनी बोलावलं असतं, पण बोलावलंस तू.

फॉर्मवर आजार कधीपासून, गोळ्या कोणत्या, शेवटचं काय खाल्लं, असं सगळं होतं. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तू मागे उभी राहून सांगत गेलीस, मी लिहीत गेले. ज्वारीच्या कण्यांची पेज, दोन चमचे. तेही लिहिलं.

मग तू म्हणालीस, "बाई, त्याईनं महानुभावांचा उपदेश घेतला होता. आमच्यात जाळत नाहीत. त्याईनं माती मागितली होती. तेवढं करा." मी सही करून फॉर्म बाबूकडे सरकवला. तुला वाटलं असेल, बाईला ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं.

गाडीवाल्याला मी अकोट सांगितलं. घरी उत्तमराव म्हणाले, "वहिनी, दादा काही सांगून गेला काय? तुमी म्हणसान तसं करू." मी म्हटलं, काही सांगितलं नाही. तासाभरात अग्नी दिला.

रागाच्या भरात केलं असं लिहिलं तर सोपं होईल. पण मी अगदी शांत होते. चौदा वर्षांत त्या माणसाबद्दल कोणी मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला ते आवडलं, संध्या. तुझ्या तोंडून त्यांची शेवटची इच्छा कळावी, हे मात्र सहन झालं नाही. म्हणून ती मोडली. तू पंधरा हात मागे स्मशानाच्या फाटकाशी उभी होतीस, तेही मी पाहिलं होतं.

अस्थी शिरवल्या नाहीत. मी एकटी जाऊन येते म्हणून घरून निघाले अन् परतवाड्याहून परत फिरले. मडकं लाल फडक्यात बांधून गोठ्यात आढ्याला टांगलं आहे. आरतीलाही माहीत नाही.

पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेला, पहिल्या एसटीनं घेऊन येते. तुमच्या पंथाच्या माती देण्याच्या जागेत राख पुरू देतात की नाही, विचारून ठेव. नाही म्हणाले तर तुझ्या अंगणात खड्डा कर. माझ्यासाठी सैपाक करू नको, अन् रडणं असेल तर मी गेल्यावर रड. माफी मागायला येत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, अन् तू देशील, तशीच आहेस तू.

मडकं हलकं आहे. हातात घेतलंस की एवढेच का म्हणून घाबरू नको. एवढेच उरले आहेत. बाकीचे मी जाळले.

त्यांची कागदावरची बायको,
सुभद्रा