इद्दतीची खरी तारीख

रुकय्या पोरी,

तुझ्या इद्दतीत, नवऱ्यामागे घराबाहेर न पडण्याच्या या मुदतीत, नफा होता तुझ्या सासूचा. माझा मुलगा दाऊद वारल्याचं त्याच्या कंपनीचं पत्र मी वाचलं तेव्हा रडता रडता ती म्हणाली, "चार म्हयने धा दिवस तरी पोर माझ्याजवळ रवात." नफ्यात माझीही पाती होती. घरात चहा धड एकट्या तुलाच जमतो.

पण पत्र पोचलं मार्चअखेर, आणि दाऊद गेला होता दहा जानेवारीला. इद्दत मरणापासून मोजतात, पत्रापासून नाही. ती तारीख मी गिळली, तुझ्या सासूलाही सांगितली नाही. तुझी इद्दत संपून आठ दिवस झाले.

आज सकाळी तुझा भाऊ आला, वडील अंथरुणावर तुझंच नाव घेतायत म्हणाला. तू म्हणालीस, "इद्दत मोडून कशी येव? अजून दोन म्हयने आसत." तो एकटाच परतला आणि मी मेल्यासारखा गप्प बसलो.

आता मिठबावला, तुझ्या माहेरी, जाणारा मचवा बघायला बंदरावर धावतोय. कंपनीचं पत्र इथेच ठेवलंय, तारीख बघ आणि कपडे बांधून तयार राहा. सासूच्या शिव्या मी खाईन.

हे आठ दिवस आम्ही दोघांनी खाल्ले. त्यांची किंमत भरली ती तिकडे वाट बघणाऱ्या तुझ्या वडलांनी.

बावा