बाबांच्या वहीतली डोकी

प्रिय चपट्या,

पत्ता मावशीकडून मिळवला. तिने चार दिवस ताकास तूर लागू दिली नाही, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. तिकडे तुला या नावाने कुणी हाक मारत नसेल. मारत असेल तर मला राग येईल, कारण हे नाव मी ठेवलंय.

दुकान चालू आहे. विग अजून हातानेच होतात, एकेक केस जाळीत गाठून. बाबांचे हात थरथरतात, म्हणून गाठी मी मारते आणि ते चुका काढतात. फळीवर गिऱ्हाइकांच्या मापाची लाकडी डोकी तशीच आहेत. तुझंही आहे, मागून सपाट, वरून बसकं. त्याच्यावरची धूळ बाबा स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत.

त्यांची मापांची वही आठवते ना? प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप आणि शेजारी डोक्याचं चित्र. चाळीस वर्षं ती भरून त्यांनी नियम काढला, माथा बसका असला की टक्कल ठरलेलं. तुझं डोकं त्या नियमात चपखल बसत होतं. म्हणून तर तुझ्या होणाऱ्या सासरची माणसं समोर बसलेली असताना, तुझ्या डोक्यावर चांगलं जंगल असताना, त्यांनी विगचा तो खोका तुझ्या मांडीवर ठेवला आणि कौतुकाने सांगितलं की पुढची सोय आत्ताच करून ठेवलीय. पाहुणे हसले. मुलीचे वडील विगकडे बघत होते, मग तुझ्या केसांकडे बघत राहिले. नकार आला त्या दिवशी तू बॅग भरलीस आणि खोका उंबऱ्यावर ठेवून गेलास. नऊ वर्षं झाली रे.

गेल्या महिन्यात एक नाटकमंडळी आली. असली गिऱ्हाइकं आम्हाला पहिल्यांदाच. सतरा जण, सगळे तरणेबांड, भरघोस केसांचे, आणि हवे होते म्हाताऱ्यांचे पांढरे विग. फीत मी धरली, वही बाबांनी. सतरातली नऊ डोकी हुबेहूब तुझी. शेवटी शेवटी बाबा लिहायचेच थांबले. मग दिसेल त्याचं डोकं चाचपत सुटले. पोस्टमन, शेजारची शिंपीणबाई. माझ्या नवऱ्याचं तर दुपारी झोपेत. निम्मी डोकी बसकी आणि केस जिथल्या तिथे. आठवड्याने जेवताना घास खाली ठेवून म्हणाले, "अगं, केसवाला आपल्या दारात येतोच कशाला? मी जन्मभर फक्त टकलीच मोजली."

नियमाच्या त्या पानांवर त्यांनी आडवी रेघ मारली. तेव्हापासून रोज विचारतात, त्याला कळवलंस का. मी हो म्हणते. खोटं बोलते. कळवायचं तर सगळंच कळवावं लागलं असतं.

तर ऐक. तो विग आईच्या केसांचा होता. औषधांनी केस जाणार म्हटल्यावर तिने वेणी कापून बाबांच्या हातात दिली. ती वेणी पुढे कुठे गेली ते तुला कळलंच नाही. आई गेल्यावर बाबांनी दोन वर्षं दुपारची झोप सोडून तो विग केला. त्या दिवशी ते सांगणारच होते, पण पाहुणे हसले आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला मात्र ठाऊक होतं. जाताना तू दारात थांबून माझ्याकडे पाहिलंस. मी एक वाक्य बोलले असते तर तू थांबला असतास. ती वेणी मला हवी होती रे, मी बाबांकडे मागितली होती, आणि मिळाली तुला. मनात म्हटलं, जाऊ दे याला. तू खरंच गेलास. खोका माझ्या कपाटात आहे. उघडला की अजून तिच्या तेलाचा वास येतो, की मलाच भास होतो कोण जाणे. तुला टक्कल पडलंय की नाही, मला माहीत नाही. जसा असशील तसा ये. बाबांना माप घ्यायचं नाहीये, डोक्यावर नुसता हात ठेवायचाय. आणि तो खोका, या वेळी माझ्या हातून घे.

तुझीच,
त्या दिवशी गप्प बसलेली ताई