आईची इस्तंबूलमधली चप्पल

बाबा,

डिसेंबरमध्ये मी आईला घेऊन इस्तंबूलला जाते आहे. पुण्याला जाताना वाटेत चार दिवस थांबणार आहोत. तुम्हाला कळवावं म्हणून हे लिहीत नाहीये. तुम्हाला कळवून आमचं कधी काही झालेलं नाही. तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर घरात त्याने फार फरक पडला नाही, कारण असतानाही तुम्ही बहुतेक वेळा बाहेरच असायचात. मी लिहिते आहे ती भांडायला. समोर होतात तेव्हा भांडता आलं नाही. तुमच्याशी कुणालाच भांडता यायचं नाही. आवाज चढतोय असं दिसलं की तुम्ही काहीतरी गमतीचं बोलायचात, समोरचा हसायचा, आणि विषय संपायचा. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी एकटी बसले आहे, बाहेर पाऊस आहे, आणि मला हसवायला कोणी नाही.

तुमचा धंदा लोकांना जग दाखवायचा. टूर मॅनेजर. मराठी माणसांचा ग्रुप घेऊन निघायचं, बसमध्ये माइकवर बोलायचं, मुंडकी मोजायची, कुणाचा चष्मा हॉटेलात राहिला, कुणाला पित्त झालं, सगळं बघायचं आणि रात्री परक्या गावात त्यांना वरणभात मिळेल याची सोय करायची. लोक तुमच्यावर जीव टाकायचे. त्यांच्या दिवाळीच्या भेटकार्डांनी आपला टीव्ही झाकून जायचा. सीझन म्हणजे एप्रिल ते जून, म्हणजेच माझी सगळी शाळेची सुट्टी. मला आठवतंय ते स्वयंपाकघर. आई गॅससमोर घाम पुसत उभी आहे, मोठ्या कढईत पोहे भाजते आहे, खोबऱ्याचे काप तळते आहे, आणि तुम्ही ओट्याला टेकून सांगताय, "जरा तिखट कमी घाल, लोकांना बसमध्ये ठसका लागतो." तो चिवडा बसमध्ये वाटला जायचा आणि लोक विचारायचे, कुठल्या दुकानातला. आईचा चिवडा पॅरिसला जाऊन आला, रोमला जाऊन आला, इस्तंबूलला तर कितीदा. आई सिंहगड रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांत.

दहावी झाल्यावर मी एकदा विचारलं होतं की आपण तिघं कुठेतरी जाऊ या. अगदी महाबळेश्वर चाललं असतं. तुम्ही जपानहून की कुठून आला होतात, बॅग दारातच होती. तुम्ही हसत नव्हतात, म्हणून ते लक्षात राहिलंय. म्हणालात, "घरी आल्यावर तरी मला टुरिस्ट नकोत." आईने पानं घेतली. त्या दिवशी आम्हाला भेट म्हणून मिळाले ते हॉटेलातले साबण. दर वेळी तेच मिळायचे. सुपारीएवढे साबण, बोटभर शांपूच्या बाटल्या, एका पोळीला पुरेल एवढा जॅम. आईने ते सगळं एका डब्यात जपून ठेवलं होतं आणि पाहुणे आले की बाथरूममध्ये एकेक ठेवायची. मी त्या साबणाने कधी हात धुतले नाहीत. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

आईचा पासपोर्ट निघाला तो तुमच्यामागे, माझ्या बाळंतपणासाठी तिला इकडे यायचं होतं तेव्हा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

या दिवाळीत आमच्याच कॉलनीतल्या एका घरी फराळाला गेलो होतो. त्यांच्याकडे मुलाला भेटायला ठाण्याहून काकू आल्या आहेत. बोलता बोलता मी सांगितलं की आम्ही जाताना इस्तंबूलला ब्रेक घेतोय. काकू एकदम सरसावून बसल्या. म्हणाल्या, "मग चपला सांभाळा हं. आमच्या टूर मॅनेजरच्या बायकोची गंमत माहीत नाही तुम्हाला." आणि त्यांनी सुरू केलं. त्या निळ्या मशिदीत शिरताना चपला काढायच्या असतात. हे टूर मॅनेजर म्हणे पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. बाई आत छताकडे बघत राहिली, बाहेर आली तर एकच चप्पल. मग काय, त्या झाकलेल्या मोठ्या बाजारातून एका पायात चप्पल घालून लंगडी खेळल्यासारखी निघाली. दुकानदार हाका मारायला लागले, "मॅडम, ओन्ली वन? आय गिव्ह यू वन मोअर!" शेवटी नवऱ्याने लाल मखमली सपाता घेऊन दिल्या आणि त्या घालून ती बाई राजवाडा बघायला गेली, राणीसारखी. "म्हणून सांगतो मंडळी," काकू तुमच्या आवाजात म्हणाल्या, "चपला पिशवीत घाला आणि पिशवी छातीशी धरा. मला एकच बायको परवडते, दर टूरला सपाता नाही परवडत." सगळं टेबल हसत होतं. मग काकू म्हणाल्या, "आमचे सर पुण्याचे. वाढताना म्हणायचे, पोटात थोडी जागा ठेवा, पुढे राजवाडा आहे."

ते वाक्य मला माहीत होतं. आईलाही. आपल्या घरात पाहुण्यांना तुम्ही तेच म्हणायचात. आईने हातातली चकली बशीत ठेवली आणि म्हणाली, "ते माझे मिस्टर."

"अय्या!" काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "म्हणजे ती चप्पल तुमची?"

आई हो म्हणाली. इतकंच म्हणून गप्प बसली असती तरी मी समजू शकले असते. पण ती पुढे म्हणाली, "डावी." काकूंनी विचारलं, त्या सपाता अजून आहेत का. आई म्हणाली, आहेत की, पुण्याला कपाटात आहेत. मी तिच्याकडे बघत बसले. माझी आई दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलत नाही.

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, "तू हो का म्हणालीस?"

"मग चारचौघांत त्यांना खोटं पाडू?"

"तुला ठाऊक होती ही गोष्ट?"

"नाही. आजच कळली."

मागच्या सीटवर तुमची नात होती. तिने कानातला इअरफोन काढला. "वेट, आजी, यू नेव्हर वेंट?"

"नाही गं."

"सो आजोबा जस्ट मेड इट अप? दॅट्स सो मेस्ड अप."

आई खिडकीबाहेर बघत होती. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा म्हणाली, "लाल कशाला घेतल्या असतील? मला लाल आवडत नाही." एवढंच म्हणाली.

बाबा, मी तुमच्याबद्दल बरंच काही धरून चालले होते. तुम्हाला कामामुळे वेळ मिळाला नाही, आमची आठवण यायची पण बोलता यायचं नाही, असलं सगळं. लेकी असल्या सबबी बापासाठी तयारच ठेवतात. पण तुम्हाला आईची आठवण यायची ती अशी. दर टूरला तुम्ही तिला बसमध्ये उभी करायचात, लंगडायला लावायचात, टाळ्या घ्यायचात आणि परत खिशात घालायचात. तिला नेण्यापेक्षा ते सोपं होतं. ना व्हिसा, ना तिच्या गुडघ्यांची कटकट. शेकडो लोकांनी तिला त्या शहरात पाहिलंय. ती मात्र तेव्हा पोहे भाजत होती. याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणोत तुमचे टुरिस्ट. मी म्हणणार नाही.

त्या दिवसापासून मी आमचा प्लॅन असा करायला घेतला की त्यात तुमचं काही उरू नये. तुमची पद्धत मला पाठ आहे, अंधारात उठवायचं, जेवायच्या आत तीन ठिकाणं उरकायची. मी सकाळचं काही ठेवलंच नाही. राजवाडा मंगळवारी बंद असतो, तर मंगळवारी नुसतं बोटीने पलीकडच्या काठावर जायचं, लोक ऑफिसला जातात त्या साध्या बोटीने, टुरिस्टांच्या नाही. काचेच्या पेल्यात चहा प्यायचा आणि परत यायचं. जमिनीखालचं जुनं पाण्याचं टाकं आहे, तिथे पायऱ्या उतरायला आईला वेळ लागेल म्हणून अर्धा दिवस. आणि निळी मशीद काढून टाकली. नवरा म्हणाला, "अगं यार, इस्तंबूलला जाऊन ब्लू मॉस्क स्किप करतं का कोणी?" मी म्हटलं, मी करते.

आईला हे सगळं टॅबवर मोठं करून दाखवलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"मशीद कुठे गेली?"

"दुसरं खूप आहे बघण्यासारखं."

"मला तिथे जायचंय."

"आई, त्या माणसाने तुझा विनोद केला तिथे."

"केला ना. मग मला बघू दे की कुठे केला." टॅब माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे मी तिथे गेले होते. मलाच तेवढं माहीत नाही."

मी मशीद परत घातली. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून गुरुवारी सकाळी. तुम्ही शिरलात तुम्हाला हवं तिथे. मला याचा संताप येतो.

आज बॅगा भरायला काढल्या. इकडे आईला मी चालायचे चांगले बूट घेऊन दिलेत, ते तिने बाहेर ठेवले. मग केबिन बॅगेत तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. उघडलं तर तिच्या घरात घालायच्या जुन्या चपला. टाच झिजलेली, डावीचा अंगठा तुटलेला. मी म्हटलं, या कशाला, टाकायच्या सोडून?

"टाकायलाच नेतेय. डावी तिथे ठेवून येईन."

"आणि बाहेर काय, लंगडत चालणार?"

"बाजारापर्यंत. जवळ आहे म्हणालीस ना तू?" तिने पिशवीला पुन्हा गाठ मारली. "मग तू घेऊन दे मला. निळ्या घे."

मला रडू आलं आणि तुमच्यावरचा राग वाढला. अजूनही वाढतोय. तिने तुमचं खोटं निस्तरायला घेतलंय, गुडघे दुखत असताना, या वयात, आणि तुम्ही त्यातूनही सुटणार. ती तिथे एका पायाने चालेल तेव्हा मी तिचा हात धरणार आहे. तिचा फोटो काढणार आहे, पण तो मी त्या काकूंना पाठवणार नाही. निळ्या सपाता मी घेईन. तुम्ही नाही घेतल्यात, कुठल्याच रंगाच्या, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आईला सांगितलेलं नाही. काकू ती गोष्ट सांगत होत्या, आणि ती बाई कोण हे अजून कुणाला कळलं नव्हतं, तेव्हा टेबलाशी सगळ्यात आधी हसले ती मी होते.