गुहेतला लहान पंजा

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घशाची चौकशी केलीस. दिवसभर गुहेत ओरडून आदिमानवाची थोरवी सांगायची, तर घसा बसणारच. काल एका गृहस्थांनी विचारलं, की या लोकांच्या मागे बायका नव्हत्या का, भिंती रंगवायला एवढी सवड कशी मिळाली. सगळा घोळका हसला. आई मात्र नेहमीसारखी भिंतीवर रंगात उमटलेल्या त्या लहान पंज्यापाशी कठडा धरून उभी होती.

बाबा गेल्यापासून तिनं एकच धरलंय, की तो हजारो वर्षांपूर्वीचा पंजा या गुहेत हरवलेल्या आपल्या धाकट्याचा आहे. तिकीट खिडकीवाले आता तिच्याकडून पैसे घेत नाहीत, त्याचंच मला जास्त लागतं. बाबांनी शोध थांबवायला सांगितला तो पाण्याच्या वळणापाशी. पंजा त्याच्याही पुढे, पार गुहेच्या पोटात. एवढंसं पोर अंधारात तिथवर जाईल कसं? तो वळणावरच पाण्यात पडला, फार हाल न होता गेला, हे आपण सगळ्यांनी मान्य केलंय. त्या आधारावर तर बाबा जगले.

आता तपासणीवाले पंज्याच्या रंगाचा कण घेऊन गेलेत. निकाल आला, की तिला स्पष्ट सांगणार आहे. नाहीतर हिचं डोकं फिरेल, अशी भीती वाटते.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
भोंगा


दि. १० फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, म्हातारीची काठी काढून घेतली म्हणून ती सरळ चालायला लागत नाही, पडते. तिथं उभी राहून ती कुणाचं काय घेते? सांगायची घाई करू नकोस.

दार रंगवताना मध्ये लुडबुडतो म्हणून बाबांनी त्याला हाकललं, आणि तो गुहेकडे गेला. ते बाबांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं. मला कोडं पडलंय ते आईचं. बाबा असताना ती कितीदा गुहेत आली, पण पंज्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग ते गेल्यावरच हे कुठून आलं? तिला एकदा नीट विचार. नीट म्हणजे गाईडसारखं नव्हे.

गरम पाण्याच्या गुळण्या कर. एकमेकांना धरून राहायला आता आपण तिघंच आहोत, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

निकाल आला. तो रंग जुना नाही. दारं-खिडक्यांना लावतात तो विटकरी तेलरंग आहे. आपल्या दाराचा.

म्हणजे तो वळणावर पडला नव्हता, ताई. आपली माणसं तिथून मागं फिरली तेव्हा तो पुढं होता. बहुतेक जिवंत होता.

साहेब म्हणाले, की कुणा व्रात्य पोराचं काम दिसतंय, पर्यटकांची फसवणूक नको, पुसून टाका. ते काम माझ्याकडेच आलं.

मग आईला विचारलं. तिनं सांगितलं, की फळीवरचा रंगाचा छोटा डबा नाहीसा झालाय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा शोध थांबून गेला होता. पुढं गुहा लोकांना खुली झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत तिनं पंजा ओळखला. पण शोध थांबवा म्हणणारे बाबा होते. त्यांना हे कळतं, तर ते एक दिवसही जगले नसते. म्हणून ते असेतो तिनं तोंडाला कुलूप लावलं. आणि आपण तिला भ्रमिष्ट ठरवून मोकळे झालो.

पुसायचं ऐकून ती रडली नाही. आज सकाळी गुहेचं दार उघडायच्या आधीच पिशवी घेऊन हजर. पिशवीत रॉकेलची बाटली आणि जुन्या साडीचा बोळा. मी साहेबांचे पाय धरतो म्हटलं, तर नको म्हणाली. म्हणाली, की त्याच्या हातांचा रंग नेहमी तीच काढायची. दुसऱ्या कुणी चोळलं, की तो रडायचा.

मी टॉर्च धरला. तू निघून ये.

तुझा,
भोंगा