वेसेलिनचे तीन व्होल्ट

पिरोत, २१ डिसेंबर

परमस्नेही स्वेतोलिक यास (माझ्या लग्नाचा साक्षीदार, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्याला निम्मा जबाबदार),

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींनी बांधलेला कोबीचा पाला सोडलास की अजून मिरवतोयस? आमच्याकडे सगळं क्षेम, म्हणजे सौ. ल्युबिंका परवापासून माझ्याशी बोलत नाही आणि फादर गेरासिम अजून खोकताहेत.

तुला ठाऊकच आहे, वसंतात माझ्या छातीने दगा दिला तेव्हा ल्युबिंकाने मला घराण्याच्या संताची शपथ घालून सिगारेट सोडवली. ("पुन्हा ओढलीस तर मी बहिणीकडे निघाले," असं ती म्हणाली, आणि बॅग खरंच माळ्यावरून काढून ठेवली आहे.) तेव्हापासून मी त्या वाफेच्या, विजेवर चालणाऱ्या नळीवर (ई-सिगारेट म्हणतात तिला) दिवस काढतोय. तिचं गावात एकच दुकान, आणि ते कोणाचं? वेसेलिनचं! ज्याला मी आठवीत पदार्थविज्ञानात पाचपैकी एक दिला आणि मुख्याध्यापक म्हणून तू ज्याचं वर्ष बुडवलंस, तोच. त्या निर्लज्ज माणसाने तो नापासाचा पेपर चौकट करून गल्ल्यामागे टांगला आहे. मी जाऊन उभा राहिलो की माझी लाल शाई माझ्याकडेच बघते.

गेल्या आठवड्यात त्याने नळीत नवी तार बसवून दिली आणि म्हणाला, सर, तीन व्होल्टच्या वर जाऊ नका. मला! ज्याने या गावाच्या तीन पिढ्यांना ओहमचा नियम घोटवला, त्याला! घरी येऊन तारेचं पाकीट वाचलं. दोन वेटोळी, प्रत्येकी १.८ ओहम. बेरीज ३.६. मला दहा वॅट पुरतात, दहा गुणिले ३.६ म्हणजे छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा. सहा व्होल्ट! (दुकानदाराला निम्मं कळतं, हे मी ल्युबिंकाला दोनदा सांगितलंसुद्धा.)

परवा आमच्या घराण्याच्या संताचा, संत निकोलसाचा दिवस, घरात अठरा पाहुणे, टेबलावर मासे, मेणबत्ती लागलेली. फादर येईपर्यंत मी स्वयंपाकघरात सहा व्होल्ट लावून एक दीर्घ झुरका घेतला. आतला रस शोषणारा कापूस जळाला, स्वेतोलिक. तोंडात जणू कोणी पेटती गादी कोंबली. तेवढ्यात बोलावणं आलं. फादर आणि मी सणाचा पाव हातात धरून फिरवतोय, पाहुणे गाताहेत, आणि माझ्या तोंडातून काळा धूर निघतोय. फादरना वाटलं धूपदाणी पेटली, ते खोकत मागे सरले आणि पाव जमिनीवर. पंच्याहत्तर वर्षांत आमच्या घरी पाव पडला नव्हता! ल्युबिंकाची खात्री आहे की मी सिगारेट ओढली. बॅग आता दारापाशी आली आहे.

तेव्हा तू माजी मुख्याध्यापक या नात्याने वेसेलिनला कडक पत्र लिही की सदोष माल विकू नये आणि ती चौकट आधी उतरवावी. वाट बघतोय.

तुझा,
रादिसाव

ता. क. या पत्राचं पाकीट चिकटवण्याआधी भांडायला दुकानात जाऊन आलो. वेसेलिनने नळी उघडून भिंगाखाली धरली. वेटोळी एकापुढे एक (एकसर) नव्हती, शेजारी शेजारी (समांतर) होती. म्हणजे रोध ०.९, आणि माझ्या सहा व्होल्टला चाळीस वॅट. तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. त्याने ल्युबिंकाला फोन करून सांगितलं की सरांनी सिगारेट ओढलेली नाही, जळला तो कापूस. बॅग परत माळ्यावर गेली.

ता. क. दुसरा. भिंग हातात होतं म्हणून तो टांगलेला पेपरही वाचला. दोन रोध, आठ-आठ ओहमचे, त्याचं उत्तर चार, मी मारलेली फुली. वरच्या कोपऱ्यात लिहिलंय 'ब गट'. त्या परीक्षेत 'अ' गटाला रोध एकापुढे एक होते, 'ब' गटाला शेजारी शेजारी. मी त्याचा पेपर 'अ'च्या उत्तरांनी तपासला, स्वेतोलिक. बावीस वर्षांपूर्वी. त्याचं बरोबर होतं.

मी विचारलं, मग टांगलास कशाला? तर म्हणाला, "सर, कधीतरी तुम्ही चष्मा लावून याल म्हणून."

ते कडक पत्र लिहू नकोस. चाळीस वर्षं तू वहिनींची माफी मागत आलास, तुला शब्द येतात. एक मसुदा पाठव. नळी दुरुस्त होऊन गल्ल्यावर ठेवलेली आहे, तीन व्होल्टवर. तो देतोय, मला घेववत नाही.