दुहेरी पाकिटं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शी! पहिलाच दिवस आणि अंगावर तीन प्रकारची घाण. बोटीतलं डिझेल, धक्क्यावरची पक्ष्यांची शीट आणि संध्याकाळी मोज्यातून निघालेली जळू — माझंच रक्त पिऊन टम्म झालेली. नवऱ्यानं ती बोटांनी ओढून काढली, बोटं पँटला पुसली आणि त्याच हातानं बिस्किटाचं पाकीट फोडून माझ्यापुढे धरलं. घे म्हणे.

नाही घेतलं.

नावाडी दुपारी उत्तरेच्या धक्क्यावर सोडून गेला. बेटावर माणूस नाही, घर नाही, फोनला रेंज नाही. पाठीवर सामान घेऊन चालत दक्षिण टोक गाठायचं, नऊ तारखेला दुपारी तो तिथून आम्हाला उचलणार. मध्येच काही झालं तर, असं मी नावाड्याला विचारलं. तर काही नाही, म्हणाला. दात कोरत कोरत!

हे खूळ माझ्या नवऱ्याचं. मुलगी शिकायला बाहेर गेली, घरात दोघंच उरलो. दोघं म्हणजे तरी काय — तो बाहेरच्या खोलीत झोपतो, मी आतल्या. तीन वर्षं झाली. लग्नाआधी आपण किती चालायचो, एकदा जाऊन येऊ, असं त्याचं चाललं होतं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते त्याला माहीत नाही. ताईच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. ताईला सांगून ठेवलंय — परत आले की कळवते, राहायला येते की नाही.

मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लोक कारण विचारतील. काय सांगू? किळस येते! जेवताना त्याचा घास गिळलेला ऐकू येतो. लिफ्ट दुरुस्त करून आला की नखांत ग्रीस, कानामागे ग्रीस, टॉवेलला ग्रीस. माणूस वाईट नाही, हे मलाही कळतं. पण वाईट नाही एवढ्यावर कुणाशेजारी झोपता येत नाही.

सहा दिवस आहेत. ठरवायचं.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर चिखल. गुडघ्यापर्यंत काळा, कुजक्या पानांचा, पाय काढला की बुळुक आवाज करणारा. प्रातर्विधीसाठी एक खुरपं आणलं आहे. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार.

सामानावरून वाजलं आज. निघण्याआधी चार दिवस खपून मी सगळं बांधलं होतं, हॉस्पिटलात बांधते तसं. बावीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करून पाकिटात बंद करते मी. माझ्या हातचं पाकीट असलं की डॉक्टर आत बघतसुद्धा नाहीत. दुकानातली वेष्टणं मला चालत नाहीत, शंभर जणांचे हात लागलेले असतात. म्हणून डबे, गोळ्यांच्या पट्ट्या सगळं टाकून प्रत्येक वस्तू स्वच्छ पाकिटात सीलबंद केली, त्यावर दुसरं पाकीट, आणि त्या बाहेरच्या पाकिटावर नाव आणि तारीख.

आणि या दीडशहाण्यानं निघायच्या सकाळी ओट्याशी उभं राहून बाहेरची पाकिटं सगळीच्या सगळी काढून टाकली! एकात एक कशाला, म्हणे. पाऊण किलो वाचलं. वर माझ्याकडे असा बघत होता, जशी काय मी आता पाठ थोपटणार आहे.

नावं राहिली घरच्या कचऱ्यात. आता चाळीस पाकिटं, सगळी पारदर्शक, सगळी सारखी. सकाळी दुधाची पावडर म्हणून त्यानं चहात काय घातलं? पायाला लावायची बुरशीची पावडर! बरं, घोटभर प्यायला आणि म्हणतो, आज चहा जरा वेगळा लागतोय. अशा जिभेपुढे हात टेकले.

माझ्या वस्तू मी ओळखते, म्हटलं, मी बांधल्यात. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या शोधून गळ्यातल्या पिशवीत ठेवल्या. पाण्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. इथल्या ओढ्यांचं पाणी तांबूस आहे, बघूनच मळमळतं. वाटेत एक तळं लागलं, काचेसारखं नितळ. तिथे बाटल्या भरल्या, गोळ्या टाकल्या. हा मात्र ओढ्यावर पालथा पडून थेट तोंड लावून प्यायला. नाकातून गळत होतं. गाढव बरं.

५ ऑक्टोबर, रविवार

किनाऱ्यानं चाललो. किनारा म्हणजे मला वाटलं वाळू. वाळू कसली, सडलेल्या शेवाळाचे ढीग, पाय दिला की खालून माशांचा लोट उठतो. पुढे एक मेलेलं सील. पोट फुगून फुटलेलं, आत काहीतरी वळवळत होतं. मी पदर — पदर कुठला, बाही नाकाला लावून पळाले. हा थांबला! काठीनं परतून बघतोय. दात कसे बघ, म्हणून हाका मारतोय मला.

पुढे एका वळणावर टेकडीच्या कडेनं पांढरे पक्षी उठले, शेकड्यांनी. दोघंही बघत उभे राहिलो. क्षणभर खरंच बरं वाटलं. तेवढ्यात यानं एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी केली. संपलं.

तंबूत तर विचारूच नका. दोन माणसांचे ओले मोजे, त्याचा घाम, त्याचा श्वास, आणि सुटका नाही. घरी निदान दार आहे. आज जेवायला तो बाहेर दगडावर बसला, माझ्याकडे पाठ करून. बरं केलंन. आवाज आला नाही.

ताईला काय सांगायचं ते बहुधा ठरलं. नऊ तारखेला बोटीत बसायच्या आधी त्याला सांगेन. बोटीत नको, नावाडी असतो.

तंबूच्या खालच्या अंगालाही तसंच एक नितळ तळं आहे, तिथे बाटल्या पुन्हा भरल्या. गोळी टाकली की पाणी थोडं पांढुरकं होतं. औषध जोरदार दिसतंय. यानं मागितलं नाही, मीही दिलं नाही. त्याला त्याचा ओढा लखलाभ.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहाटेपासून पोटात कळा. सकाळपासून अकरा वेळा. उलट्या वेगळ्या. चालायचं रद्द. पाणी पितेय भरपूर, गोळी टाकून. तरी थांबत नाही.

याला काही झालेलं नाही. याला काय होणार!

७ ऑक्टोबर, मंगळवार

लिहवत नाही. तंबूतच झालं. मेले तर बरं.

८ ऑक्टोबर, बुधवार

बसता येतंय. लिहून काढते. नाहीतर पुढे मीच मला खोटं सांगेन.

परवा दुपारनंतर मी उठू शकले नाही. खुरपं, आडोसा, सगळं राहिलं बाजूला. कपड्यांत, पिशवीत, केसांत. बावीस वर्षं ज्या गोष्टी मी हातमोज्यांतून आणि चिमट्यानं उचलल्या, त्यात मी लोळत होते आणि मला माझाच वास सहन होत नव्हता. जा इथून, बघू नकोस, असं त्याला म्हणत राहिले. तो गेला आणि पातेलंभर पाणी तापवून घेऊन आला. माझी पँट कात्रीनं कापून काढली. पुसलं, धुतलं, उलटं करून पाठ धुतली. मुलगी लहान होती तेव्हा तिला असाच धुवायचा. तोंड वाकडं नाही, श्वास रोखणं नाही. मी मुद्दाम बघत होते, कुठे नाक मुरडतो का. नाही मुरडलं. घाण नेऊन पुरून आला, हात धुतले, पुन्हा आला. रात्रभरात असं किती वेळा, मोजलं नाही.

मीठ-साखरेचं औषध कुठल्या पाकिटात ते मला सांगता येईना. शुद्धच नव्हती धड. मग त्यानं सगळी पांढरी पाकिटं फोडून एकेक पावडर जिभेवर लावून बघितली. कपड्यांचा साबणसुद्धा. थुंकत थुंकत शेवटी औषध सापडलं. चमच्या-चमच्यानं पाजलं.

आणि गोळ्याही चाटल्या त्यानं! एक पाकीट उरलं होतं पांढऱ्या गोळ्यांचं. त्याच्या पित्ताच्या गोळ्या म्हणून त्यानं एक तोंडात टाकली आणि ओठ पिळवटून बाहेर काढली. पोहायच्या तलावाची चव आहे हिला, म्हणाला. मग माझ्या गळ्यातल्या पिशवीतली एक काढून चावली. ती पित्ताची निघाली.

मी दोन दिवस तळ्याच्या साचलेल्या पाण्यात पित्ताच्या गोळ्या टाकून पीत होते. मी! पाकीट सीलबंद आहे ना, मग आत बरोबरच असणार — फोडून हुंगायचंसुद्धा सुचलं नाही. काल सकाळी तो खालच्या अंगाला जाऊन तळं बघून आला. काय दिसलं, विचारलं. काही नाही, म्हणाला. म्हणजे पलीकडच्या काठाला काहीतरी मेलेलं असणार.

एक शब्द बोलला नाही. मी असते तर बोलले असते. वर्षभर पुरवून पुरवून बोलले असते. उलट म्हणतो, बाहेरची पाकिटं मीच फेकली ना.

आज निघावंच लागलं, उद्या बोट. तो माझी सॅक घेऊन पुढच्या टेकाडापर्यंत जायचा, ठेवून परत यायचा, मग स्वतःची पाठीला लावून मला धरून न्यायचा. म्हणजे मी एकदा चालले ती वाट तो तीनदा चालला. मला त्याच्या काखेत डोकं घालूनच चालावं लागलं. सहा दिवसांचा घाम, धूर, ओले कपडे. वास येत होता, चांगला उग्र. आला तर आला. मी नाक तिथून हलवलं नाही.

दुपारी एका दगडावर टेकलो. त्यानं पातळ भात केला, तोंडानं फुंकून फुंकून भरवला. त्याची थुंकी पडत असणार त्यात. खाल्ला. सगळा खाल्ला आणि आणखी मागितला. तो हसला. त्याचा पुढचा दात थोडा तुटलाय. कधी तुटला? मला माहीतच नाही. विचारलं तर म्हणाला, झालं की दीड वर्ष.

दीड वर्ष मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

ताईचा वरचा मजला ताईपाशी. मी कुठे जात नाही. उद्या त्याला सगळं सांगणार, ठरवून आले होते तेही. लपवाछपवी नको. ऐकून चिडेल थोडा, चिडू दे. मग म्हणेन, बाहेरच्या खोलीतला तुझा पलंग आत आण. पंचेचाळिसाव्या वर्षी असं म्हणायला लाज वाटतेय, हसूही येतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार, दक्षिणेचा धक्का

वेळेत पोहोचलो. बोट अजून दिसत नाही. तो खडकावर बसून नखं ब्रशनं घासतोय, माझ्याच ब्रशनं. रक्त येईल इतकी. किती घासशील, पुरे, असं मी हाक मारून म्हटलं. त्यानं ऐकलं नाही बहुतेक.

आता जाते आणि सांगते.

९ ऑक्टोबर, बोटीत

सांगितलं सगळं. जाणार होते तेही, आणि आता जाणार नाही तेही.

तो ब्रश धूत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं इथे तू जाते म्हणशील. मी बरं म्हणणार होतो. मन तयार करून आलो होतो."

पण मी जात नाहीये, म्हटलं.

"तीन दिवस तू माझ्याकडे नाक न मुरडता बघितलंस," तो म्हणाला. "आधी असंच असायचं, मी विसरलो होतो. आता घरी जाऊन परत ते दुसरं सुरू झालं, तर मला नाही झेपणार. मीच जातो."

नाही मुरडणार, म्हटलं मी. दोनदा म्हटलं. तो ऐकून घेत होता, लहान मुलाचं ऐकावं तसं. तेवढ्यात बोट आली. त्यानं माझी सॅक चढवली, मला हात देऊन आत घेतलं, नीट बसवलं, आणि स्वतः पार मागे जाऊन बसला. वारा माझ्याकडून त्याच्याकडे जातो, त्या बाजूला.