घोरपड न दिसलेले रविवार

नाना,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. राग अजून तेवढाच आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला अक्षरं शिकवलीत, चुलीजवळच्या फरशीवर, खडूने. एक अक्षर वेडंवाकडं आलं की सगळी ओळ पुसायला लावायचात. पुण्याचे ते साहेब घोरपडींच्या नोंदी ठेवायला माणसं शोधत शिंदखेड्याकडे आले, तेव्हा तुम्ही ऐटीत म्हणालात, "चालणं माझं, लिहिणं माझ्या लेकीचं." मी चौदा वर्षांची होते. साहेबांनी छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. दर रविवारी सकाळी नाल्याच्या काठाने जायचं, किती घोरपडी दिसल्या ते लिहायचं आणि कार्ड पेटीत टाकायचं. गावोगाव आपल्यासारखी माणसं हे करत होती. घोरपडी कमी होताहेत, जिथे फार कमी होतील तिथे वनखात्याकडे पहारा मागू, असं साहेब म्हणाले होते.

सुरुवातीला एखादी तरी दिसायचीच. बांधाच्या दगडावर ऊन खात पडलेली, आपण जवळ गेलो की जीभ आत-बाहेर करत बिळात सरकणारी. मग काहीच न दिसणारे रविवार येऊ लागले. पहिल्यांदा मी कार्डावर शून्य लिहिलं, तेव्हा तुम्ही ते हातातून काढून घेतलंत.

"दिखनी नही ते काय लिखशी? शेजारनं भांडं रिकामं देतस का?"

शेजारणीची वाटी परत करताना आई तीत चार शेंगदाणे तरी टाकायचीच. साहेबांनी विश्वासाने दिलेलं कार्ड रिकामं कसं धाडायचं, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, "नाना, शून्य हीसुद्धा नोंदच आहे."

"मोठी मास्तरीण व्हई गयी!" तुम्ही हसलात. आईही हसली. मी शून्याची कार्डं कोठीमागे ठेवत गेले. घोरपड दिसली की मात्र तुम्ही स्वतः पोस्टात जायचात.

दोन वर्षांनी साहेब आले. ओट्यावर चहा पिताना म्हणाले, "भाऊ, तुमच्या नाल्याची काळजी नाही. तुमच्या प्रत्येक कार्डावर घोरपड आहे." तुम्ही खुशीत माझ्याकडे पाहिलंत. मी कपबश्या उचलून आत गेले. पहारा दुसऱ्या नाल्यावर बसला. आपल्या बांधावर माणसं कुत्री घेऊन यायची, बिळं उकरायची आणि घोरपडी पोत्यात घालून न्यायची. ती उकरलेली बिळं आपण दोघांनी पाहिली होती, नाना. त्याही रविवारी तुम्ही कार्ड पाठवू दिलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात साहेब पुन्हा आले. तोवर वर्षभरात एकही दिसली नव्हती; तीही कार्डं मी कोठीमागेच ठेवली होती. वही उघडून त्यांनी विचारलं, "ताई, ज्या रविवारांची कार्डं आली नाहीत, तेव्हा घोरपडी दिसल्या नाहीत, की तुम्ही गेलाच नाहीत?"

"गेलो नव्हतो," मी म्हणाले.

"मग या नोंदी धरता यायच्या नाहीत." त्यांनी आपल्या नाल्याच्या पानावर तिरकी रेघ मारली. कोठीमागची कार्डं समोर ठेवली असती, तर घोरपडी कधीपासून संपत गेल्या ते त्यांना कळलं असतं. शेजारच्या नाल्यांवरच्या तरी वाचल्या असत्या. साहेब गेल्यावर मी ती चुलीत घातली.

तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून खोटं बोलले, असं मी आईला सांगितलं. आजवर तेच सांगत आले. पण त्या क्षणी तुम्ही माझ्या मनातही नव्हता. सगळ्या कार्डांवर अक्षर माझं आहे, एवढंच मला दिसत होतं.